दाराआडची पानवाडी

ऊन चिंचेमागे गेलं की जयवंत पानवाडीच्या दारात येऊन घसा खाकरायचा. हाक मारायची रीत नव्हती. खाकरणं ऐकू आलं की त्याची बायको मनोरमा मागच्या ओटीवरून उठायची, हात धुवायची, चपला तळ्याच्या काठाला काढून ठेवायची आणि दोन्ही हात पुढे करून दारापाशी उभी राहायची. नारळीच्या विणलेल्या झापाचं दार हातभर उघडायचं. आतून पानांची टोपली यायची आणि टोपलीमागे जयवंतचे मनगटापर्यंत ओले हात. टोपली बाहेर आली की दार पुन्हा लागायचं.

लग्न होऊन होळी गावात आल्यापासून मनोरमा हेच करत होती. त्या दाराच्या आत तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिच्या सासूनेही टाकलं नव्हतं. पानवेल सोवळी, बाईची सावली पडली की ती सुकते, असं घरात सगळे मानत. इतर घरांत ही बंदी महिन्यातल्या ‘त्या’ दिवसांपुरती असे. पण जयवंतच्या आजोबांच्या काळात एकदा सगळी वेल मर रोग लागून गेली आणि आजोबांनी विषाची परीक्षा नको म्हणून बायकांना बाराही महिने दार बंद करून टाकलं. पुरुषांना हे सोपं गेलं. बायकांना विचारायची पद्धत तेव्हा नव्हती आणि आता आली आहे असंही काही नाही.

वाडी म्हणजे तरी केवढी! घरामागे केळी, केळींमागे बावखल, म्हणजे शेवाळलेल्या पाण्याचं जुनं तळं, आणि त्याच्या पलीकडे चारी अंगांनी नारळाच्या झापांचा कूड घातलेला तो तुकडा. वेलीला वारा सोसत नाही, ऊन सोसत नाही, म्हणून कूड असा दाट की बाहेरून फक्त वेलींना आधार म्हणून लावलेल्या शेवग्याचे शेंडे दिसत. जयवंतची एकुलती एक मुलगी क्षितिजा लहान असताना एकदा झापाच्या फटीला डोळा लावून बसली होती. आत हिरवा काळोख दिसला, तेवढ्यात आईने कान धरून उठवलं. तो हिरवा काळोख मात्र तिच्या डोळ्यांत राहून गेला. कधी कधी तो स्वप्नात यायचा आणि स्वप्नात दार उघडंच असायचं.

आता ती माणिकपूरच्या एका कॉलेजात ग्राफिक डिझाइन शिकत होती. पाऊस ओसरत आला तेव्हा दिपिका मॅडमनी वर्गाला काम दिलं: जी जागा तुम्ही कधीच पाहिली नाही, तिची चित्रं एआयकडून काढून घ्या. पहिलं चित्र आलं की थांबायचं नाही. काय चुकलं ते शोधायचं, पुन्हा सांगायचं, पुन्हा काढून घ्यायचं.

"जे दिसत नाही ते नीट सांगायला शिका," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे दिसतंय ते पाहायलाही शिकाल."

कोणी मंगळ घेतला, कोणी समुद्राचा तळ. शेजारच्या बाकावरच्या कॅथरिनने बर्फातलं चर्च घेतलं.

"तू काय घेतेस?" तिने विचारलं.

"आमच्या घरामागची वाडी."

"घरामागची? चल, फेकू नकोस!"

"खरंच. नाही पाहिली मी कधी."

कॅथरिनला आधी हसू आलं, मग आलं नाही.

क्षितिजाने घरी येऊन ओटीवर बसून मोबाइलवर आधी मराठीतच लिहिलं. यंत्राने नऊवारी नेसलेली, हातात विडा धरून हसणारी बाई काढून दिली. मग तिने इंग्रजीत लिहिलं, तर चहाचे डोंगर आले. मग तिने एकेक गोष्ट सांगायला घेतली: बारीक खोडांची झाडं रांगेत, प्रत्येकावर वेल, हृदयाच्या आकाराची पानं, वरून झिरपणारा उजेड, खाली ओली माती. दरवेळी काहीतरी जवळ यायचं आणि काहीतरी भलतंच शिरायचं. एकदा पानांत द्राक्षांचे घोस लटकले. एकदा रांगेच्या टोकाला हरीण येऊन उभं राहिलं.

बापाला विचारावं तर बाप बोलण्यात कंजूष.

"बाबा, आत कसं असतं?"

"थंड आसते."

"आणि वेल कशी चढते?"

"वेल ती. चढते तशी चढते."

असं उत्तर मिळाल्यावर माणूस यंत्राकडेच जाणार. तिने इंटरनेटवर पानमळ्यांचे व्हिडिओही पाहिले. ते देशावरचे होते, उघड्या उन्हातले, आणि जयवंतने एक बघून "ये आपलं नाय" म्हणत हात झटकला होता.

खरी साथ मिळाली ती आईची. मनोरमा ओटीवर पानं लावत बसायची. ओल्या फडक्यावर पानांवर पान, देठाला देठ, अंगठ्याने दाबत पानांची जुडी, कवळी, बांधायची. कोणतं पान कोवळं, कोणतं जून, हे ती न बघता सांगायची. पहिल्यांदा तिने मोबाइलकडे तिरपं बघितलं. दुसऱ्या दिवशी हात पदराला पुसून जवळ सरकली.

"त्यात आवाज घालता येतो का गं?"

"चित्रात आवाज कसा येईल, आई?"

"आत एक पाखरू आसते. दुपारचं टुकटुक करते. मी बाहेरून ऐकते ना! ते काढ."

क्षितिजाने पाखरू घातलं. मग आईने सांगितलं, सकाळी दाराखालून धुकं बाहेर येतं, तेव्हा आत कितीतरी असेल. धुकं आलं. दुपारी जेवणाचा डबा दाराशी ठेवताना पाण्याचा आवाज येतो, म्हणजे पाट असणार. पाट आला. रोज संध्याकाळी मायलेकी मोबाइलच्या त्या वीतभर काचेत डोकं घालून बसू लागल्या. चित्र हळूहळू निळसर हिरवं होत गेलं. रांगा लांबच लांब गेल्या, त्यांच्या टोकाला उजेड आला, आणि वेणीला गजरा गुंडाळावा तशी प्रत्येक खोडाला वेल पिळे घेत वर गेली. पानं पिळ्यापिळ्याने उतरत होती. ते इतकं देखणं होतं की मनोरमाच्या हातातली कवळी सुटून पानं मांडीवर पसरली.

"एवढं निळं आसल आत?" ती पुटपुटली. "मंग ह्यांना बाहेर यावंसं कसं वाटते?"

त्या संध्याकाळी जयवंत चहा प्यायला ओटीवर टेकला, तेव्हा मनोरमानेच मोबाइल त्याच्या पुढ्यात धरला. "बघा ना. आसंच हाय का?"

जयवंतने चष्मा लावला. खूप वेळ बघितलं. चिलटं, चिखल, कुजक्या पानांचा वास, वाकून वाकून दुखणारी कंबर, यातलं काही त्या चित्रात नव्हतं. त्याने आयुष्य घातलं ती जागा कुणीतरी धुऊन पुसून, अत्तर लावून त्याच्यापुढे ठेवली होती. एका बाजूला लेक बघत होती, दुसऱ्या बाजूला बायको. दोघींच्या डोळ्यांत त्याच्या वाडीबद्दल जे दिसत होतं ते त्याला याआधी कधी दिसलं नव्हतं, आणि ते त्याला आवडलं.

"हां," तो म्हणाला. "आसंच हाय."

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो बावखलाच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरला आणि उजव्या पायाची नडगी मोडून बसला. मांडीपर्यंत प्लास्टर आलं. डॉक्टरांनी दिवाळी होऊन जाईपर्यंत पाय टेकायचा नाही म्हणून बजावलं.

वेल काही कुणाच्या पायासाठी थांबत नाही. ऑक्टोबरचा उकाडा, जमिनीत भरपूर ओल, अशा दिवसांत तिचे शेंडे सरसर सुटतात. ते वेळेवर खोडाला बांधले नाहीत तर लोंबतात, वाऱ्याने मोडतात, मोडल्या जागी कुजतात आणि कुज खाली मुळापर्यंत जाते. वाडीत कामाला येणारे दोघे आपापल्या पाड्यावर भातकापणीला गेले होते. जयवंतचा थोरला भाऊ दिनानाथ शेजारच्याच घरात होता. पण त्याचे गुडघे असे की खुर्चीतून उठतानाही तो देवाचं नाव घेई. गावात पानवेल राखलेली दुसरी घरं उरली नव्हती, त्यामुळे उसना माणूस मागायचा तरी कोणाकडे! जयवंत ओटीवरच्या खाटेवर पडून शेवग्याचे शेंडे बघत राहायचा. वारा सुटला की डोळे मिटायचा.

एका सकाळी तो म्हणाला, "राहू दे. जाते तर जाऊ दे. या साली मोडून टाकू."

मनोरमा चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "पोरीला जाऊ द्या."

दिनानाथ विचारपूस करायला आला होता. त्याने चहाची बशी खाली ठेवली. "काय बोलतेस तू, मनोरमा?"

"दादा, हात लावला तर सुकंल म्हनता. नाय लावला तरी सुकतेच हाय ना?"

"आजोबांनी घातलेली रीत हाय ती."

"आजोबा येतात का बांधायला?"

एवढं बोलून तिने चुलीत लाकूड सारलं. दिनानाथ जयवंतकडे बघत राहिला, जयवंत प्लास्टरकडे. शेवटी जयवंत म्हणाला, "आंघोळ करून जा. अनवाणी. आनि त्या दिवसांत जायचं नाय." दिनानाथ उठला, देवाचं नाव घेतलं आणि सांगितलं की वाडीत बाईचा हात आहे तोवर आपण त्या दारात पाय ठेवणार नाही.

क्षितिजा ओल्या केसांनी बापाच्या खाटेशी आली. "बाबा, बांधायचं कसं?"

"केळीच्या खोडाचं सुकं सोपट भिजव. पट्ट्या काढ. वेल खोडाला लावायची आनि बांधायची. आवळून नाय, हलकी गाठ."

"म्हणजे चित्रात आहे तशी ना?"

पाय ठणकत होता. भाऊ रुसून गेला होता. जयवंतने डोळे न उघडताच म्हटलं, "हां, तशीच."

झापाचं दार तिने दोन्ही हातांनी उचललं आणि ती आत गेली.

आत निळं नव्हतं. आधी काहीच दिसेना, मग हळूहळू हिरवं दिसू लागलं, आणि ते बालपणी फटीतून पाहिलेलं तेच हिरवं होतं. माती पायाच्या बोटांतून वर आली. तिखट, ओला वास नाकात शिरला. चिलटं डोळ्यांवर आली. रांगा लांबच लांब नव्हत्या. चार ढांगांत पलीकडचा कूड लागत होता. तरीही तिला वाटलं, मी इथे आले आहे. या कोपऱ्यात पाट असणार, आणि पाट होता. डोक्यावर टुकटुक झालं, आणि तिला हसू आलं. इतक्या संध्याकाळी ती जागा तिने घडवली होती, मोडली होती, पुन्हा घडवली होती, की खऱ्या वाडीत जे जे वेगळं दिसलं ते तिला वाडीचंच चुकलेलं वाटलं.

वेली खोडांना सरळ चिकटून वर गेल्या होत्या आणि वरचे शेंडे सुटून लोंबत होते. एकही पिळा नव्हता. बाबांना अलीकडे वेळ मिळाला नसेल, तिने मनाशी म्हटलं. मग तिने पहिल्या वेलीचा शेंडा उचलला, खोडाभोवती एक फेरा दिला. फेरा नीट बसेना. खालची वेल खोडाला धरून होती. तिने ती हलक्या हाताने सोडवली. बारीक चर्र असा आवाज झाला, जुनी शिवण उसवावी तसा. मग वेल मोकळी झाली आणि छान पिळा बसला, पानं पायऱ्यांसारखी उतरली. तिने सोपटाची हलकी गाठ मारली आणि मागे सरून बघितलं. अगदी चित्र!

मग दिवस तसेच जाऊ लागले. पहाटे आंघोळ, दार, हिरवा काळोख. शिडीवर उभं राहून खांदे भरून यायचे, सोपटाने बोटांच्या पेरांत चिरा पडायच्या, वेलीचा रस नखांत काळा बसायचा. कॉलेज बुडत होतं. कॅथरिनचे मेसेज येत होते. पण रांगेमागून रांग गुंडाळली जात होती आणि तिला एक गुंगी चढली होती. आपण यंत्राला शब्द सांगत होतो तेव्हा ते चित्र करत होतं. आता चित्र आपल्याला सांगतं आहे आणि आपण वाडी करतो आहोत, असं तिला वाटायचं. दुपारी झोपेत तिचे हात गोल फिरत.

शेवटच्या रांगेत यंदाच लावलेल्या वेली होत्या, गुडघ्याएवढ्या. त्यांना गुंडाळायला लांबीच नव्हती. तिथे ती मातीत फतकल मारून बसली आणि एकेक वेल सरळ उभी करून, तळव्याने खोडाला दाबून, पेराला गाठ मारत गेली. या पिल्लांना सगळ्यात जास्त हात लावावा लागला.

संध्याकाळी दाराशी आई हात पुढे करून उभी असायची. आता आतून लेकीचे हात यायचे.

"तसं हाय का गं?"

"निळं नाही, आई. पण मी जवळजवळ तसं केलंय."

मनोरमाचे डोळे दाराच्या फटीकडे जात आणि ती ते खाली वळवी. टोपली घेताना तिला लेकीच्या हातांना येणारा वास कळायचा. तो नवऱ्याच्या हातांचा वास होता.

मग क्षितिजाची पाळी आली आणि ती चार दिवस दारापर्यंतही गेली नाही. चौथ्या संध्याकाळी परतीच्या पावसाचं वादळ उठलं. केळी आडव्या झाल्या, कुडाचे दोन झाप उडाले. पाचव्या सकाळी न्हाऊन ती आत गेली आणि दारातच उभी राहिली.

वेली खाली आल्या होत्या. सोडलेल्या दोरांसारखी वेटोळी खोडांच्या बुंध्याशी पडली होती. कितीतरी पेरांशी तुटल्या होत्या. वादळ हे निमित्त. नीट बघितलं तर पानं आधीच मान टाकून पिवळी पडू लागलेली, कडांना काळी. ज्या पिळ्यांवर ती हरखली होती तेच सैल होऊन घसरले होते. टुकटुक करणारं पाखरूही गप्प होतं.

बातमी दिनानाथला कळायला वेळ लागला नाही. तो काठी टेकत आला आणि दाराबाहेर उभा राहून मोठ्याने म्हणाला, रस्त्यावरच्यांनाही ऐकू जाईल असं. "बाटली वेल! मी सांगितलं होतं. तीन पिढ्यांची वेल एका महिन्यात घालवली!"

दूध घालायला आलेली बाई थांबली. शेजारच्या वाडीतली माणसं कुंपणाशी आली. सगळ्यांनी नुसतं बघितलं. क्षितिजा मातीने भरलेले हात घेऊन त्या सगळ्यांच्या मधून घरात गेली. तिला वाटत होतं की हात कुठेतरी ठेवून द्यावेत. ती शिकलेली मुलगी; असलं काही मानत नव्हती. पण त्या दुपारी तिने आईच्या पानांच्या टोपलीलाही हात लावला नाही.

"तूपन मानतेस?" मनोरमाने विचारलं.

"मला माहीत नाही, आई. मी आत गेले आणि ती मेली. एवढंच माहीत आहे."

मनोरमाने टोपलीतलं एक पान उचललं, लेकीच्या तळहातावर ठेवलं आणि वर आपला हात ठेवून दाबलं. "माझ्या हाताखालून रोज जातात ही," ती म्हणाली. "त्या दिवसांतपन जातात. पान काय माझ्या हाताला डरत नाय. मंग वेलच कशी डरंल?"

क्षितिजा त्या पानाकडे बघत बसली. मग तिला शेवटची रांग आठवली.

ती उठली आणि कोणाला न सांगता वाडीत गेली. मोडक्या रांगा ओलांडत पलीकडच्या कुडापर्यंत पोचली. पिल्लं उभी होती. वादळाने त्यांना भिजवलं होतं, बाकी काही नाही. शेंड्याला कोवळं, तांबूस पान सुटलं होतं. तिने एका वेलीखाली बोट घालून बघितलं. वेल सुटेना. पेरातून बारीक पांढरी मुळं निघून शेवग्याच्या सालीत शिरली होती. दुसऱ्या वेलीचंही तसंच. ज्यांना सगळ्यात जास्त हात लागला होता, तीच जगली होती. मग ती मागे वळली आणि पडलेली एक वेल उचलून पालथी केली. पेरापेराशी तीच मुळं होती, सुकून काळी पडलेली, खोडापासून दूर, हवेत. तिला तो चर्र आवाज आठवला. ही मुळं तिनेच खोडातून उपटली होती.

ती वेल घेऊन ती बापाच्या खाटेशी आली. दिनानाथ तिथेच बसला होता.

"बाबा, ही पिळा घेत नाही ना? ही मुळांनी धरते. सरळ."

जयवंतने वेल हातात घेतली. एकेका पेरावरून अंगठा फिरवला. त्याला सगळं कळलं. कूड उडाला होता तिथून त्याने सकाळपासून लांबून पिवळेपणा बघितला होता आणि मनातल्या मनात भावाचंच म्हणणं धरलं होतं. ते धरणं सोयीचं होतं. बाटली म्हटलं की विषय संपला. बाप सुटला, भाऊ जिंकला, पोरगी तेवढी उरली.

"गुंडाळलीस?" त्याने विचारलं.

"हो. चित्रात होती तशी. खालची सोडवून."

"चित्र!" दिनानाथ फिसकन हसला. "मोबाइलच्या चित्रावर शेती!"

"दादा, थांब," जयवंत म्हणाला. "दोघींनी मला विचारलं होतं. दोनदा. चित्र दाखवून विचारलं, आसंच हाय का. मी म्हनालो, आसंच हाय."

"आनि नव्हतं?"

"कुठलं आसते तसं! पन दोघी आशा बघत होत्या माझ्याकडे..." तो थांबला. त्याचे कान लाल झाले होते. मोठ्या भावासमोर असलं बोलायची त्याला सवय नव्हती. "कधी कोन विचारीत नाय आत काय हाय ते. मला बरं वाटलं. म्हनून हां म्हटलं. पोरीने वेल मारली नाय, दादा. मी मारली."

दिनानाथने काठी या हातातून त्या हातात घेतली. "मंग रीत?"

"रीत होती म्हनूनच तिला चित्र बघावं लागलं ना? एक दिवस माझ्यामागून आत आली आसती तर कळलं आसतं तिला. लहान पोरालाबी कळते."

दिनानाथ उठला. देवाचं नाव न घेताच उठला, हे मनोरमाच्या लक्षात आलं. जाताना तो एवढंच म्हणाला, "उद्या लोक विचारतील मला."

"माझं नाव सांग," जयवंत म्हणाला.

आता प्रश्न उरला तो वेलींचा. जयवंतने सांगितलं, वेलीचा मुळाकडचा भाग हिरवा असेल तर आशा आहे. मेलेलं छाटायचं, उरलेलं अलगद उचलायचं, पेर खोडाला टेकवून धरायचं आणि मग गाठ. एकाने धरायचं, दुसऱ्याने बांधायचं. एकट्याचं काम नव्हे. हे सांगताना तो भरभर बोलत होता. इतकी वर्षं साठलेलं बोलणं असावं तसा एकेक बारकावा येत होता: मुळं निघतात ती बाजू कशी ओळखायची, कोणती वेल हट्टी, कोणती मऊ, दुपारी बांधू नये ती का. क्षितिजा खाटेच्या कडेला बसून ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, "पण धरायला कोण?"

जयवंतने चुलीकडे बघितलं. "मनोरमे," तो म्हणाला, "तू जा."

मनोरमाने हातातला चिमटा खाली ठेवला. उठली. न्हाणीत गेली. खूप वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आली तेव्हा तिने देवळात नेसायचं लुगडं नेसलं होतं.

"आई, चिखल आहे तिथे!"

"आसू दे," ती म्हणाली.

सवयीने तिने चपला बावखलाच्या काठाला काढल्या आणि सवयीनेच ती दारापाशी दोन्ही हात पुढे करून उभी राहिली. क्षितिजाने झाप उचलून धरला. "ये ना."

मनोरमा आत आली. कुडाचे झाप उडालेल्या जागेतून उन्हाचा पट्टा आत पडला होता. पिवळी पानं, मोडक्या वेली, चिखल, तुटकं सोपट, सगळं त्या पट्ट्यात उघडं होतं. इतक्या वर्षांची वाडी तिला दाखवायची होती ती अशी, या विचाराने क्षितिजाला रडू आलं. मनोरमा मात्र हळूहळू चालत होती. खोडांना हात लावत, पाटात बोट बुडवत. वर बघून तिने पाखरू शोधलं. एका खोडावर उंच, जिथे लेकीचा हात पोचला नव्हता, एक वेल जुन्या सरळ वाटेने चढलेली राहिली होती आणि तिच्या शेंड्याला पानांचा झुबका होता. ती त्याखाली थांबली. एक पान हळूच बोटात धरलं. तोडलं नाही. अख्ख्या जन्मात तिने लाखो पानं हाताळली होती आणि वेलीवरचं पान ती पहिल्यांदाच धरत होती.

"जिवंत आसताना गार लागते गं," ती म्हणाली.

मग तिने पदर खोचला. "सांग, कुठं धरू?"

दोघी दिवस मावळेपर्यंत राबल्या. अर्ध्याहून जास्त वेली गेल्या होत्या, त्या छाटून ढीग केला. उरलेल्यांना आई तळव्याने खोडाशी दाबून धरी आणि लेक गाठ मारी. मध्येच कॅथरिनचा फोन आला. मॅडमनी चित्रं मागितली होती.

"मी दुसरी जागा घेईन," क्षितिजा म्हणाली. "ही चालणार नाही आता. पाहिली ना."

ऊन चिंचेमागे गेलं. जयवंतने शेजाऱ्याला खुर्ची उचलून बावखलापलीकडे न्यायला लावली होती. प्लास्टरचा पाय समोर लांब करून तो दारापाशी बसला होता. आत कुजबुज चालली होती, कोणीतरी हसलं, मग पाण्याचा आवाज. इतकी वर्षं बाहेरून हे असं ऐकू येत असणार, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

दाराशी घसा खाकरल्याचा आवाज झाला. बाईचा.

त्याने दोन्ही हात पुढे केले. झाप हातभर सरकला आणि आतून टोपली आली. वाचलेली थोडीच पानं होती, तळ झाकेल एवढी. टोपलीमागे मनोरमाचे मनगटापर्यंत ओले, काळ्या नखांचे हात. टोपली घेऊनही तो ते हात बघत राहिला.

"काय गं," त्याने विचारलं, "कसं हाय आत?"

तुटक्या झापांतून येणारा उजेड विझत चालला होता आणि हिरवा काळोख खोडाखोडाने वर चढत होता. मनोरमाने मागे वळून एकदा सगळीकडे बघितलं.

"आसंच हाय," ती म्हणाली, आणि दार लावायचं सोडून तिने ते पूर्ण उघडून दिलं.